साधा चिमटा, शॉकअपचा चिमटा आणि सहा धक्के

फिजिक्सच्या माणसाला सल्ला द्यायचा नसतो, त्याच्याकडून घ्यायचा असतो. हे वाक्य मी दरवर्षी नव्या बॅचला पहिल्याच तासाला ऐकवतो. पंखा कोणता घ्यावा, बोअरवर मोटार किती हॉर्सपॉवरची बसवावी, मांडवाचे खांब किती अंतरावर रोवावेत, असल्या प्रश्नांवर आमच्या गल्लीत शेवटचा शब्द माझा असतो. मांडवाचं सोडा. तो एकदा पडला, पण त्या दिवशी वारा माझ्या हिशेबापेक्षा जास्त होता आणि नवरदेवाला फारसं लागलं नाही.

मी व्यंकट सर. मूळचा नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचा, पण बरीच वर्षं झाली, लातुरात फिजिक्स शिकवून राहिलो. ही गोष्ट दोन हजार बाराच्या जानेवारीतली. तेव्हा लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. आमच्या एका गल्लीत एकवीस क्लास होते, आणि ज्या घरावर क्लासचा बोर्ड नव्हता त्या घरात मेस होती. आमच्या इमारतीत तळाला विठाबाईंची मेस, पहिल्या मजल्यावर माझं फिजिक्स, दुसऱ्या मजल्यावर निवृत्ती सरांची केमिस्ट्री आणि वर गच्ची. गच्चीवर पाण्याची टाकी आणि माझी गिअरची सायकल. सायकल मी पोट कमी करायला घेतली होती. पोट आहे तिथंच आहे, पण त्या सायकलीमुळं गल्लीत मी सायकलतज्ज्ञही झालो होतो.

म्हणूनच कहकशां माझ्याकडं आली. ती माझ्याच बॅचची, उदगीरची. तिचे वडील अजीजभाई यांचं उदगीरला स्टेशनच्या रस्त्यावर सायकलीचं दुकान आहे. आजोबांनी निजामाच्या काळात उघडलेलं. पोरगी अभ्यासात हुशार, पण खरा जीव डोंगरात सायकल चालवण्यात. रविवारी उदगीरजवळच्या हत्तीबेटाच्या टेकडीवर डोंगरी सायकलींची स्पर्धा होती आणि मुलींमधल्या पहिल्या दोघी थेट राज्याच्या संघात जाणार होत्या. गेल्या वर्षी कहकशां चौथी आली होती. चढाला ती सगळ्यांच्या पुढं होती. उतारावर मात्र दगडांच्या दणक्यांनी तिचे हात बधिर झाले, ब्रेकवर बोटं हलेनात, आणि डोळ्यांदेखत तिघी पुढं निघून गेल्या.

यंदा बाप-लेकीचा करार झाला होता. पहिल्या दोघींत आली तर अजीजभाई स्वतः तिला संघाच्या शिबिराला सोडायला जाणार. नाही आली तर सायकल दुकानात वर आकड्याला टांगायची, आणि डॉक्टर होईस्तोवर खाली काढायची नाही. म्हणजे किमान सहा वर्षं. पोरीनं करार मान्य केला होता, आणि तेव्हापासून तिची झोप उडाली होती.

"सर, चिमटा कोणता लावू?" तिनं विचारलं.

चिमटा म्हणजे पुढचं चाक ज्या दोन दांड्यांत बसवतात तो. तिच्या सायकलीला साधा होता. लोखंडी, सरळसोट, आत काही नाही. आणि तिच्या शारिक चाचांनी हैदराबादहून शॉकअपचा एक चिमटा पाठवला होता. आत स्प्रिंग, तेल, आणि शॉकअपच्या मानानं वजनाला एकदम हलका.

"साधा चढाला बरा," ती म्हणाली. "पण उतारावर दगडाचा सगळा मार हातात येतो. शॉकअपवाला मार खातो, पण जड असतो, आणि पेडल मारलं की खालीवर डुलतो. जोर वाया जातो. हा नवा साध्यापेक्षा फक्त अर्धा किलो जास्त हाय. अब्बा म्हणतात, साधाच ठेव, हाताला सवय हाय. मला वाटतं नवा लावावा. तुम्ही सांगाल तसं करते."

तुम्ही सांगाल तसं! एवढं ऐकलं की मला पुढचं काही ऐकू येत नाही.

"डोळे झाकून शॉकअप," मी म्हणालो. "पण आपण डोळे झाकायचे नाहीत. आपण प्रयोग करू. शनिवारी अब्बांना चिमटा घेऊन बोलव." माझ्या भरवशावर तिनं त्याच संध्याकाळी स्पर्धेच्या नोंदणीत 'शॉकअपचा चिमटा' असं लिहूनही टाकलं.

शनिवारी दुपारी अजीजभाई उदगीरहून आले. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, हाताची बोटं कायम ग्रीसनं काळी. आल्या आल्या त्यांनी माझ्या सायकलीचा चिमटा काढून तिथं शॉकअपवाला बसवला. पंधरा मिनिटं लागली नसतील. शेजारी कहकशांची साध्या चिमट्याची सायकल उभी केली. चार वाजता खाली टेस्ट होती, म्हणून कहकशां पेपर द्यायला गेली आणि गच्चीवर आम्ही दोघंच राहिलो.

"सर, सोपं हाय," अजीजभाई म्हणाले. "पेपर झाला की पोरीला दोन्हीवर एकेक चक्कर मारू द्या. तिचा हातच सांगंल."

"अजीजभाई, हात काय सांगतो ते व्यक्तिगणिक बदलतं. आपल्याला आकडा पाहिजे."

"हाव," ते म्हणाले. आमच्याकडं क्लासच्या सरांना कुणी उलट बोलत नाही. बाप वयानं मोठा असला तरी नाही. या एका रिवाजानं आजवर किती नुकसान केलं असेल याचा विचार मी हल्ली करतो, तेव्हा करत नव्हतो.

प्रयोग असा होता. प्रत्येक सायकलीच्या हँडलवर ज्वारीचं एकेक पोतं आडवं बांधायचं. ज्वारी मेसची, विठाबाईंना न विचारता वर आणलेली. पोत्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा स्टीलचा पेला सुतळीनं बांधायचा. मग दोघांनी दोन बाजूंनी धरून पुढचं चाक कमरेएवढं उचलायचं, एक-दोन-तीन म्हणून सोडायचं आणि पेल्यात किती पाणी उरलं ते मोजायचं. ज्या चिमट्याचं पाणी जास्त उरेल तो चिमटा चांगला. आणि प्रयोग म्हटला की वाचनं तीन घ्यावी लागतात. दोन चिमट्यांची मिळून सहा. वही उघडून मी रकाने आखले. वेळ, चिमटा, पाणी.

चार दहाला पहिलं वाचन. साधा चिमटा. धाडकन आवाज झाला, गच्ची पायाखाली थरारली आणि पेला सुतळी सोडून थेट टाकीवर जाऊन आदळला. मी वहीत लिहिलं, 'पाणी शून्य, पेला सापडला.' चार पंधराला शॉकअप. पुन्हा धाड, पण पेल्यात अर्ध्याहून जास्त पाणी. माझ्या अंगावर काटा आला. पंचवीस शतकांचं शास्त्र माझ्या गच्चीवर, ज्वारीच्या पोत्यावर, डोळ्यांसमोर सिद्ध होऊन राहिलं होतं.

"बघा, अजीजभाई."

"बघून राहिलो," ते म्हणाले. "सर, खाली पोरं पेपर देऊन राहिलीत. आवाज जातो असंल."

मी कान दिला. खाली एकदम शांतता होती. एरवी दोनशे पोरं टेस्टला बसली की बाक कुरकुरतात, कुणाचं पेन पडतं, कुणी खोकतं. आज काहीच नाही. मला पोरांचं कौतुक वाटलं. म्हटलं, अशी एकाग्र बॅच आजवर मिळाली नव्हती.

चार वीसला साधा. पुढच्या वेळी सुतळीच तुटली, म्हणून शॉकअपचं वाचन एक मिनिट लांबलं आणि चार सव्वीसला झालं. तोवर गल्लीत गलका ऐकू यायला लागला होता. मी म्हणालो, वरात असेल, लग्नसराई आहे. चार तीसला पुन्हा साधा. चार पस्तीसला शेवटचं वाचन, शॉकअपचं. या वेळी चाक आपटलं, चिमट्यातून खर्र असा आवाज आला, सायकल खाली बसली आणि बसूनच राहिली. स्प्रिंग वर येईना. दांडीच्या बाजूनं काळं तेल ओघळायला लागलं.

अजीजभाईंनी बोटानं तेल पुसलं, बोट नाकाशी नेलं, आणि माझ्याकडं बघितलं. मी वहीत 'पाणी पाऊण पेला' असं लिहून घेतलं, कारण वाचन ते वाचन.

एवढ्यात फोन वाजला. निवृत्ती सर.

"व्यंकट सर, कुठाय तुम्ही? अहो, भूकंप होऊन राहिलाय आणि तुम्ही कुठाय?"

"भूकंप? कधी?"

"आत्ता सहावा धक्का झाला. सगळी गल्ली रस्त्यावर आली. तुम्ही तेवढे सापडेनात. पोरं रडायला लागलीत."

सहा धक्के आणि मला एकही जाणवला नाही. पण भीतीतसुद्धा डोकं चाललं. म्हटलं, आपण स्वतःच आदळआपट करत होतो, हलणाऱ्याला हलणं कळत नाही, म्हणून आपल्याला समजलं नसेल. हे स्पष्टीकरण मला इतकं आवडलं की ते मी धावता धावता अजीजभाईंनाही सांगितलं.

"अजीजभाई, भूकंप. पळा."

"सर," जिन्याच्या तोंडाशी ते थबकले, "किती धक्के म्हणाले?"

"सहा."

"सर, आपुन बी..."

"नंतर बोला, आधी पळा."

मी जिना उतरायला लागलो. आमचा जिना अरुंद, वळणाचा, आणि त्या दिवशी तो फारच लांब झाला होता. मी दोन्ही हातांनी कठडा आवळून धरला होता आणि एकेक पायरी बघत उतरत होतो. पायरी दिसत होती पण पाय तिच्यावर पडत नव्हता. पहिल्या मजल्यापर्यंत आलो तर खालून विठाबाईंचा आवाज.

"सर, कठडा सोडा. नुसता हात टेकवा. गुडघे सैल करा. पायाकडं नका बघू, म्होरच्या वळणाकडं बघा. थांबू नका, थांबलं की पडतंय माणूस."

मी कठडा सोडला आणि उरलेल्या पायऱ्या कशा संपल्या ते मला कळलंच नाही.

बाहेर आलो आणि बघतच राहिलो. त्या गल्लीत एकवीस क्लास आहेत हे मला माहीत होतं, पण त्यांतली सगळी पोरं एका वेळी बघितली नव्हती. हजारांनी होती. रस्ताभर, इमारतींपासून लांब, विजेच्या तारा सोडून, ओळीनं खाली बसलेली. पायात चपला नाहीत, हातात दप्तर नाही, कुणी कुणाला ढकललेलं नाही. शिकलेली माणसं लग्नाच्या पंगतीला एवढ्या शिस्तीत बसत नाहीत. यातली जवळजवळ सगळीच पोरं त्र्याण्णवच्या भूकंपानंतर जन्मलेली. पण हलायला लागलं की विचारायचं नाही, वाकून काही उचलायचं नाही, बाहेर पडायचं, हे त्यांना चालायला शिकवतानाच शिकवलेलं होतं. मी उमरीचा. आमच्याकडं त्या पहाटे भांडी वाजली तेवढीच. मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आणि या सगळ्यांच्या मधोमध विठाबाई. साडीचा पदर खोचलेला, हाताला भाकरीचं पीठ तसंच. त्या किल्लारीच्या बाजूच्या गावच्या. त्या पहाटे त्यांनी काय बघितलं ते त्या सांगत नाहीत, आणि विचारायची कुणाची छाती होत नाही. पण दर जूनला नवी बॅच आली की त्या मेसमध्ये जेवणाऱ्या प्रत्येक पोराला हा जिना उतरायला शिकवतात. पाच पाच वेळा उतरवल्याशिवाय पहिलं ताट देत नाहीत. मी माझ्या तासाच्या वेळात हे चालू देत नव्हतो. म्हणायचो, इथं फिजिक्स शिकायला आलात की जिना?

"पहिल्या धक्क्याला एक मिनिट धा सेकंदात समदी इमारत रिकामी," विठाबाई म्हणाल्या. "दोनशे बारा लेकरं, मोजून घेतलीत. तुम्ही दोघं तेवढे राहिले होते. मी वर यायला निघाले होते, निवृत्ती सरांनी अडवलं."

माझ्यासाठी त्या वर यायला निघाल्या होत्या. भूकंपात.

"मावशी, फार मोठे धक्के होते का?"

"मोठे न्हाईत, पण लई नेमाचे. दर बारीला शटर वाजतंय. लिहून ठेवलेत." त्यांनी मेसच्या शटरकडं बोट केलं. शटरवर खडूनं ओळीत लिहिलं होतं. ४.१०, ४.१५, ४.२०, ४.२६, ४.३०, ४.३५.

"सव्वीस बघा," निवृत्ती सर म्हणाले. त्यांच्याभोवती दहा-बारा पोरं आणि एक लोकल चॅनेलवाला उभा होता. "दर पाच मिनिटांनी धक्का, आणि हा एकच एक मिनिट उशिरा. जमिनीखाली मोठी हालचाल असल्याशिवाय असं होत नाही."

माझ्या हातात वही उघडीच होती. मी वहीकडं बघितलं. शटरकडं बघितलं. पुन्हा वहीकडं बघितलं. जमिनीखालची मोठी हालचाल म्हणजे माझी सुतळी होती.

अजीजभाई माझ्या कानाशी आले. "सर, जिन्यावर हेच सांगून राहिलो होतो."

खोटं बोलायचा विचार मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. चांगला दहा सेकंद आला. वही मिटली, खिशात घातली की सुटलो असतो. पण समोर ती अनवाणी पोरं बसली होती, आणि विठाबाई अजून इमारतीकडं नजर लावून होत्या. मी वही त्यांच्यापुढं धरली.

"मावशी, ते धक्के आमचे होते. वर सायकली आपटत होतो. तुमच्या ज्वारीची पोती बांधून."

त्यांनी वही बघितली, शटर बघितलं आणि मग माझं तोंड बघितलं. मला वाटलं आता पिठाचा हात गालावर बसतो.

"सहा बार?"

"तीन-तीन वाचनं घ्यावी लागतात."

"सातवं न्हाई ना?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं, मावशी."

त्या तिथंच पायरीवर टेकल्या. पदरानं तोंड पुसलं. "न्हाई आला, बरं झालं," एवढंच म्हणाल्या. मला दोन शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग उठल्या आणि म्हणाल्या, "आता समद्यांना तुमच्याच तोंडानं सांगा."

एवढ्या गर्दीला सांगायचं कसं? गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याचा गाडा अडकून पडला होता आणि गाड्यावर भोंगा होता. मी गाड्यावर चढलो. आयुष्यात हजारो पोरांपुढं बोललो होतो, पण भंगाराच्या गाड्यावरून पहिल्यांदाच.

"सूचना ऐका. भूकंप झालेला नाही. तो मी होतो."

मग मागून कुणीतरी ओरडलं, "मी म्हणजे कोण?"

"व्यंकट सर. फिजिक्स."

हशा असा उठला की भंगारवाल्याचे पत्रे वाजले. पोरं हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत चपला शोधायला गेली. निवृत्ती सर मला म्हणाले की क्लासची एवढी जाहिरात कुठल्याच होर्डिंगनं झाली नसती. चॅनेलवाल्यानं मला हेच वाक्य कॅमेऱ्यासमोर परत म्हणायला लावलं, आणि मी म्हटलं.

पण हशा मला लागत नव्हता. गर्दीतून कहकशां आली, तिनं वर पाहिलं आणि सरळ गच्चीवर गेली. आम्ही मागोमाग. शॉकअपवाला चिमटा तसाच बसलेला होता, आणि गच्चीवर तेलाचा डाग पडला होता.

"सील गेलं, बेटा," अजीजभाई म्हणाले. "हैदराबादला पाठवल्याबिगर होत न्हाई. शर्यत सकाळी आठला."

"तुझा साधा चिमटा?" मी घाईनं विचारलं.

अजीजभाईंनी डोळ्याशी चाक धरून फिरवलं. चाक थोडं लपकत होतं. त्यांनी स्पोक आवळून पंधरा मिनिटांत ते सरळ केलं. लोखंडी चिमटा मात्र केसभरही वाकला नव्हता. त्या काळ्या बोटांची हालचाल बघून मी वहीतले सगळे आकडे विसरलो. एका स्पोकला पाव फेरा, दुसऱ्याला अर्धा, आणि चाक सुतात.

"चूक माझी झाली, बाळा," मी कहकशांला म्हणालो.

"ठीक हाय, सर," ती म्हणाली.

ती रागावली असती, रडली असती तरी चाललं असतं. तिनं नुसतं आपल्या तळहातांकडं बघितलं. गेल्या वर्षी हेच हात बधिर झाले होते, आणि तोच चिमटा, तोच उतार उद्या पुन्हा समोर होता. सहा वर्षांचा प्रश्न होता आणि मी तो ज्वारीच्या पोत्यानं सोडवायला गेलो होतो.

ती खाली मेसमध्ये गेली. मी आपली पोती परत द्यायला मागोमाग गेलो, म्हणून मला ऐकू आलं.

"मावशी," ती विचारत होती, "तुम्ही कठडा सोडा का म्हणता? पडायची भीती वाटते तेव्हा तर धरावंसं वाटतं."

"घट्ट धरलं की समदा हादरा अंगात येतोय," विठाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "सैल धरलं की येतो आन् निघून जातो. आपुन हादऱ्याला अडवायचं न्हाई, वाट द्यायची."

हेच मी फळ्यावर पाऊण तास शिकवतो, आकृतीसह. पोरं जांभया देतात. कहकशांनं जेवण बाजूला ठेवलं आणि तो जिना चार वेळा चढली, चार वेळा उतरली, कठड्याला नुसते तळवे टेकवून.

रविवारी सकाळी हत्तीबेटावर बोचरी थंडी होती. मेस बंद ठेवून विठाबाईही आल्या होत्या. सगळ्या पोरींच्या सायकलींना शॉकअप. साधा चिमटा एकट्या कहकशांचा. शेजारच्या जिल्ह्यातून आलेल्या एका पोरीच्या मामानं तो बघून मला विचारलं, "ही तुमची पोरगी? सायकल जुनी दिसते." मी म्हणालो, प्रयोग चालू आहे.

चढाला ती अपेक्षेप्रमाणं पुढं निघाली, पण वरच्या टोकाला दोघींनी तिला गाठलं. उतार सुरू झाला तेव्हा ती तिसरी होती. मी आणि अजीजभाई मधल्या वळणावर उभे होतो. तिथला उतार म्हणजे लाल दगडांचा ढीग, पायी उतरायलाही जीव घाबरावा असा. पहिली पोरगी आली, दगडावर दणका बसला, चिमटा खाली बसून वर आला, आणि ती ब्रेक आवळून सावकाश निघून गेली. दुसरी आली, ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं आणि ती पाय टेकून थांबली.

मग कहकशां आली. मी तीस वर्षं गती शिकतो-शिकवतो, पण गती काय असते ते मी त्या वळणावर बघितलं. ती सीटवरून उठलेली, गुडघे मोकळे, कोपरं बाहेर, हँडलवर बोटं अशी टेकवलेली की वाटावं, हात सोडला तरी चालेल. चाक दगडावरून उडत होतं, हँडल थडथडत होतं, आणि तिचं डोकं मात्र जागेवर. दगडांकडं तिची नजरच नव्हती. ती आमच्या पलीकडच्या वळणाकडं बघत होती. पाय टेकून थांबलेल्या पोरीच्या बाजूनं ती सरळ निघून गेली, आणि आम्ही उभे होतो हे तिला दिसलंसुद्धा नाही.

अजीजभाईंनी माझा दंड धरला होता. "या अल्लाह," ते हळूच म्हणाले. आपल्या पोरीला त्यांनीही असं कधी बघितलं नव्हतं. मला भरून आलं. अशी विद्या कुठल्या पुस्तकात नाही, आणि ती माझ्या क्लासच्या तळमजल्यावर भाकऱ्या थापत होती हे मला चौदा वर्षांत कळलं नव्हतं.

कहकशां दुसरी आली. राज्याच्या संघात गेली. अजीजभाई रडले, विठाबाईंनी पोरीची अलाबला घेऊन बोटं मोडली, आणि मी आपलं छाती काढून शेजारी उभा राहिलो. कारण म्हटलं तरी, शॉकअप मोडला नसता तर ती साध्यावर गेली असती का? योगदान ते योगदान.

संयोजकांनी तिला निवडीचा अर्ज भरायला दिला. मी मागं उभा राहून बघत होतो. एका ओळीत विचारलं होतं, 'मार्गदर्शकाचे नाव'. मी घसा साफ केला, माझ्या पूर्ण नावाचं शुद्धलेखन सांगायच्या तयारीत. तिनं लिहिलं, 'विठाबाई मावशी, मेस'.

ते बरोबरच होतं. मला वाईट वाटलं नाही. आणि अर्जात माझं नाव आलंच नाही असंही नाही. सगळ्यात खाली आणखी एक ओळ होती, 'नोंदवलेल्या सायकलीत ऐनवेळी बदल केला असल्यास त्याचे कारण'. त्यापुढं तिच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'व्यंकट सर'.